बाईंनी राखलेलं जेवण

आमच्या घरमालकीणबाईंनी पायलसाठी जी गोदभराई केली, तशी बालाघाटात त्याआधी कोणी केली नसेल आणि नंतरही कोणी केल्याचं माझ्या कानावर नाही. तिची आठवण निघाली की त्या गल्लीतल्या बायका अजून हसतात. मी हसत नाही. माझ्या पोटात आजही थोडं जळतं, आणि ते लपवून ठेवायचं आता काही कारण नाही, कारण ते घर सोडून आम्ही मलाजखंडला राहायला आलो आहोत.

त्यांना सगळे बाईच म्हणत. परसवाड्याच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथे त्या अधीक्षिका होत्या, साऱ्या नोकरीभर. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर बालाघाटला वडिलांच्या जागेवर घर बांधलं. पुढच्या भागात स्वतः राहिल्या, मागच्या दोन खोल्या आणि वरचा मजला भाड्याने दिला. वरच्या मजल्यावर आम्ही. खरं तर बाईंकडे भाडेकरू राहत नसत, दाखल होत असत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "लाईट कधी बंद करतं वं तू?" मी शाळेत गणित शिकवणारी, लग्न झालेली बाई. पण घाबरून म्हणाले, "दहाला." बाई म्हणाल्या, "साडेनऊ ठीक राहीन." आणि मी मुकाट्याने साडेनऊला दिवे घालवू लागले. नवरा खाणीच्या कामावर मलाजखंडला, फक्त रविवारी यायचा. तोही कुरकुर करून साडेनऊला झोपायचा.

व्हरांड्याच्या कडीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. ती त्यांची घंटा. सकाळी नळ आल्याची, दुपारी बारा वाजता जेवणाची, संध्याकाळी दिवाबत्तीची. लोखंडी सळईने अशी हाणायच्या की पलीकडच्या गल्लीतले कुत्रे ओरडायचे. जेवणाच्या घंटेला जेवणारं माणूस एकच, त्या स्वतः. घंटा वाजवायच्या, सळई कोपऱ्यात उभी करायच्या, हात धुवायच्या, आणि पाटावर बसताना अंग चोरून एका बाजूला सरकायच्या. मागून अजून पोरी येणार आहेत, त्यांना जागा ठेवायची, ही सवय काही सुटली नव्हती.

तशीच दुसरी खोड म्हणजे माप. एका माणसापुरतं शिजवणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. डाळ टाकायची म्हटली की पातेलं निघायचं, पातेलं कसलं, गंजच. मग अर्धं जेवण गल्लीभर वाटत फिरायच्या. आणि कोणी नको म्हटलं की आठ दिवस त्या घराकडे बघायच्या नाहीत. अन्न परत येणं हा त्यांच्या लेखी अपमान होता, आणि अपमानाचा जाब त्या विचारत नसत, नुसतं वाढणं बंद करत.

पुढे बसस्टँडजवळचं आईसक्रीमचं एक दुकान बंद पडलं, तेव्हा तिथला डीप फ्रीझर बाईंनी उचलला. हातठेल्यावर घालून आणला. माणसाला आत आडवं झोपता येईल एवढी ती पेटी, आणि तिच्यावर कोन, कुल्फी, कँडीची रंगीत चित्रं. पुढचा महिनाभर गल्लीतली पोरं हातात नाणी घेऊन दारात उभी राहायची. बाई त्यांना मटारचे दाणे द्यायच्या, बर्फात कडक झालेले. पोरं तेही चोखत चोखत जायची.

त्या फ्रीझरमध्ये बाई काय ठेवत नसत ते विचारा. सिताफळाचा गर, पोपटाच्या शेंगांचे, म्हणजे वालाचे, दाणे, आलं-लसणाचे गोळे हे झालंच. पण नवे चिन्नौर तांदूळही आधी चार दिवस बर्फात राहून यायचे, म्हणजे त्यात सोंडकिडे होत नाहीत. हिवाळा संपला की स्वेटर तिथे जायचे, कसर लागू नये म्हणून. माझ्या मुलाच्या शाळेच्या पँटला च्युइंगम चिकटलं तेव्हा तीही एक रात्र सिताफळाशेजारी झोपली, आणि सकाळी च्युइंगम टकटक निघून आलं. लाईट गेली की बाई फ्रीझरवर गोधडी घालून शेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि झाकणाकडे कोणी नुसतं पाहिलं तरी "हात नोको लावू" म्हणायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "गरम तं कोणीही वाढते. थंडं करून वाढाले अक्कल लागते." एकदा मी मुख्याध्यापकांवर चिडून, राजीनामा देते म्हणून तणतणत आले होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राग आठ दिवस थंड्यात ठेव. मंग पाय, खाण्यासारखा आहे का." आठ दिवसांनी तो खाण्यासारखा नव्हता, हे मला कबूल करावं लागलं.

तर अशा त्या फ्रीझरचं झाकण उघडायची परवानगी साऱ्या गल्लीत एकटीला होती. मला. ती मला कशी मिळाली सांगू? एका दिवाळीला बाई लालबर्ऱ्याला भाचीकडे गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "लाईट गेली तं गोधडी टाकजो. तू मॉनिटर." बास. एवढंच. पण मी ते पदक मिळाल्यासारखं छातीवर लावून हिंडले. माझी आई दूर, भंडाऱ्याला. सासू मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेली. मला वाटायचं, या कडक बाईचं जर कोणी असेल, तर मी आहे. त्या कधी तसं म्हणाल्या नाहीत. पण त्या कोणालाच काही म्हणत नसत, म्हणून मी आपल्या मनाने आपलं नाव लावून घेतलं होतं.

आणि मग मागच्या खोल्यांत पायल आली.

पायल म्हणजे चोवीस-पंचवीसची पोर. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. दोन्ही घरांनी दार लावून घेतलेलं. नवरा औषधांची बॅग घेऊन आठवडाभर गावोगाव. मराठी तिला समजायची, बोलायची मात्र हिंदी. सामान उतरवून अर्धा तास झाला नाही तोच ती पुढे आली, चित्रं बघितली, आणि सरळ फ्रीझरचं झाकण वर केलं. "दादी, इसमें आइसक्रीम है क्या?"

मी जिन्यात होते. श्वास धरून वाट पाहिली. आता ही पोरगी संध्याकाळच्या आत दुसरं घर शोधणार.

बाई म्हणाल्या, "नाही वं. पायजे का?"

दुसऱ्या दिवशी त्या फ्रीझरमध्ये त्याच्या आयुष्यात पुन्हा एकदा आईसक्रीम आलं.

दादी! इतकी वर्षं मी बाई, बाई करत होते. माझ्या मुलानेही कधी आजी म्हणायची हिंमत केली नाही, तोही बाईच म्हणायचा. आणि ही आल्या आल्या नातं लावून मोकळी. बरं, बाईंनी ते नाकारलंही नाही. उलट पुढेपुढे पायलने "दादी" म्हटलं की त्यांच्या तोंडाचा तो कायम मिटलेला कोपरा थोडा सैल व्हायचा. मला तो सैल झालेला दिसायचा. दुसऱ्या कोणाला दिसत असेल असं वाटत नाही, कारण इतकं टक लावून दुसरं कोणी बघत नव्हतं.

मग तिला दिवस गेले आणि माझ्या जळण्याला धरबंध राहिला नाही. पायल साडेनऊला दिवे बंद करायची नाही, बाई म्हणायच्या, "तिले झोप येत नाही." पायल संध्याकाळी फ्रीझरला पाठ टेकून बसायची, गार लागतं म्हणून. पायलला फाटकाची चावी. पायलला ताकात घालायला बर्फ. मला त्या पोरीची अडचण समजत नव्हती असं नाही. तिला आई असून नसल्यासारखी होती. तिच्या बाळंतपणाला कोण येणार, हा प्रश्न खराच होता. पण समजलं म्हणून जळणं थांबतं, असं काही नसतं. मी तिला विचारायची, "काय गं, काही लागलं तर सांग हं." आणि ती खरंच काही सांगेल की काय, याची मला भीती वाटायची.

सातवा लागला तसं बाईंनी गल्लीत घरोघरी जाऊन निरोप दिला. रविवारी पायलची गोदभराई. साडी, ब्लाऊजपीस, चांदीची वाटी-चमचा, काही आणायचं नाही. आपापली पावशी आणायची. पावशी म्हणजे आमच्याकडची भाजी चिरायची विळी. बायकांना वाटलं, बाई थट्टा करतात. बाईंनी थट्टा केल्याचं कोणाला आठवत नव्हतं, म्हणून बऱ्याच जणींनी पिशवीत पावशी आणली, पण नेसून आल्या त्या जरीच्या साड्या, आणि केसांत गजरे.

व्हरांड्यात सतरंज्या. मधोमध पालक, मेथी, दुधी, शेवग्याच्या शेंगा यांचे ढीग. गॅसच्या दोन शेगड्या, तीन गंज. पायल फुलांचे दागिने घालून खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर. बाईंनी आपल्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे करून ठेवले होते, ते एकेकीच्या हातात दिले. "हे कमरेले बांधा. अगोदर हात धुवा. ओटी मंग, फोटो मंग."

"पण करायचं काय, बाई?" समोरच्या काकींनी विचारलं. या काकी म्हणजे गल्लीतल्या सगळ्या बाळंतपणांच्या जाणत्या.

"जेवण," बाई म्हणाल्या. "ह्या पोरीचं. बाळ झाल्यावरचं. आज राधून ठेवू, बर्फात लावू. घरी कोणी नाही तिच्या. लागन तेव्हा ती काढन अन् गरम करून खाईन."

काकींनी हातातला तुकडा तसाच खाली ठेवला. "माय वं! बाळंतिणीले शिळं चारता?"

सगळ्या थांबल्या. हा आमच्याकडे साधा प्रश्न नाही. बाळंतिणीच्या ताटात चुलीवरून उतरलेलंच पडायला हवं. शिळं आणि थंड म्हटलं की वात धरतो, दूध आटतं, लेकराचं पोट दुखतं. अर्ध्याजणी माना हलवू लागल्या. मी मनातून खूश झाले. म्हटलं, मोडू दे हा सोहळा इथेच.

बाई काकींच्या समोर जाऊन उकिडव्या बसल्या. "शिळं कायले म्हणता तुमी?"

"उरलं त्याले."

"हे उरून राह्यलं का? हे कोणाच्या ताटातून वाचलं का? हे तं अजून तिनं खाल्लंच नाही. हे तिच्यासाठी राखलं. उरणं येगळं अन् राखणं येगळं."

काकी विचारात पडल्या. लोणचं राखतात, पापड राखतात, तूप राखतात, हे त्यांनी बहुतेक मनात फिरवून पाहिलं असावं. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "मेथी मी निवडतो. आजच्या पोरींले जमत नाही." झालं. मोडता मोडता सोहळा उभा राहिला.

मला बाईंनी मॉनिटर नेमलं. म्हणजे दुसरीचे लाड नीट होतात की नाही यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे. मी पाकिटं तपासत होते. बाई फिरत फिरत नियम सांगत होत्या. बटाटा कोणी आणला असेल तर परत न्या, बर्फात तो भुरभुरा होतो. गरम असताना पाकीट बंद करायचं नाही. पाकीट गळ्यापर्यंत भरायचं नाही, गोठल्यावर आतलं फुगतं. गोळा करून ठेवायचं नाही, चपटं करायचं, म्हणजे लवकर सुटतं. न ऐकता कोणी नारळ आणलेच होते. ते फोडून, खवून, त्यांचंही पाकीट झालं. जरीच्या साड्यांवर पालकाचे डाग पडत होते आणि बायका मजेत होत्या. एरवी डोहाळजेवणात नुसतं बसून दुसरीच्या दागिन्यांवर बोलायचं, त्यापेक्षा हे त्यांना आवडलेलं दिसत होतं. पायल खुर्चीवरून म्हणाली, "दादी, मैं भी कुछ करूँ?" बाई म्हणाल्या, "तू खुर्ची सांभाळ."

मग बाईंनी आणखी एक नियम सांगितला. "अन् जे काही कराल ते एका हातानं खाता आलं पायजे."

काकी हसल्या. "आपण एकाच हातानं खातो, बाई. दोन हातानं कोण खाते?"

"पाटावर बसून नाही," बाई म्हणाल्या. "उभ्यानं. दुसऱ्या हातात लेकरू, ते रडून राह्यलं, अन् ताट ठेवाले जागा नाही. तसं खाऊन पाहा मंग."

म्हणून मग भाकरी रद्द झाली. पालकाच्या पराठ्यांच्या सुरळ्या झाल्या. मेथीचे मुठे झाले, दोन घासांत संपतील एवढे. मुगाचे चिले पातळ घालून आत दुधी भरून गुंडाळले. वरणही असं पातळ केलं, की पेल्यातून पिता यावं. लग्न न केलेल्या, एकही लेकरू कडेवर न वाढवलेल्या बाईला हे सगळं कुठून सुचतं, हे मला तेव्हा विचारायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न घुमत होता: माझ्यावेळी हे कुठे गेलं होतं?

कारण माझं बाळंतपणही याच घरात झालं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझ्या आईचं ऐन वेळी मांडीचं हाड मोडलं आणि ती पलंगावर. नवरा पाळीवर. दवाखान्यातून मी बाळाला घेऊन वर आले आणि दार लावलं, तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि ते रडणारं गाठोडं. बाईंनी त्यांच्या परीने केलं. दुपारी बारा वाजता, घंटेबरोबर, कामवालीच्या हाती ताट वर यायचं. गरम वरणभात, तूप, भाकरी, शेवग्याची भाजी. पण त्या घंटेने बाळ दचकून उठायचं. रोज. रात्रभर जागून नुकतंच झोपलेलं असायचं, आणि ठाण् ठाण् झालं की टाहो. मी त्याला पाजेपर्यंत, फिरवेपर्यंत, खांद्यावर टाकेपर्यंत ताटावर साय धरायची, आणि अर्ध्या तासाने कामवाली ताट न्यायला यायची, कारण वसतिगृहात ताटं अर्ध्या तासात उचलत. ताट जसंच्या तसं खाली. थोड्या दिवसांनी ते यायचं बंद झालं. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मी चहात टोस बुडवून दिवस काढले. मुलगा अंगावर पिऊन बाळसं धरत गेला आणि मी गळत गेले. हे दुःख काही जगावेगळं नव्हतं, पण माझं होतं, आणि इथे मी दुसरीसाठी पराठ्याच्या सुरळ्या गुंडाळत होते.

संध्याकाळी शेवटी ओटी भरली, फोटो झाले. फ्रीझर काठोकाठ भरला. स्वेटर, तांदूळ सगळं बाहेर काढावं लागलं. बायका निघाल्या तेव्हा बाई व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अन् एक सांगून ठेवतो. लेकरू घरी आलं का घंटा बंद. नळ आला तं ज्यानं त्यानं पाहावं."

गल्लीला याचं हसू आलं. मी मात्र हातातली पावशी खाली ठेवली. घंटेने लेकरू उठतं हे या बाईला माहीत होतं. म्हणजे माहीत असून...

दोन दिवस मी तो राग थंड्यात ठेवून पाहिला. तो जास्तच कडक झाला. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले, मुलगा शिकवणीला गेलेला, पायल मागे झोपलेली. बाई फ्रीझर उघडून पाकिटं उभी लावत होत्या. चार वाजले असतील. मी चपलाही काढल्या नाहीत.

"बाई, घंटेनं लेकरू उठते, हे तुमाले कोणी सांगतलं?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुह्या लेकरानं."

"मंग तेव्हा बंद काहून नाही केली?"

बाईंनी झाकण लावलं. हात पदराला पुसले. मग स्टुलावर बसल्या.

"तुह्यं ताट वापस ये," त्या म्हणाल्या. "भरलंच्या भरलं. मले लय राग आला. म्हटलं, माह्या हातचं शंभर पोरी खात, अन् इले रुचत नाही. ताट बंद केलं. तरी राग जाये ना. एक दिवस मी तुले बोलाले आंगणात आली. तं तू वर गॅलरीत उभी. खांद्यावर लेकरू रडून राह्यलं. एका हातानं त्याले थोपटून राह्यली, दुसऱ्या हातानं सावरून राह्यली, अन् टोस दातात धरलेला. हात मोकळा नाही तं तसाच दातानं फिरवून फिरवून खाऊन राह्यली. तुह्यं लक्ष नव्हतं. मी पाह्यलं."

"पाह्यलं, अन् वर नाही आल्या?"

"शरम वाटली."

"दुसऱ्या दिवशी ताट पाठवाचं होतं."

"कितीक वाजता पाठवू?" बाई एकदम म्हणाल्या. आवाज चिरकला होता. "मले काय मालूम? हॉस्टेलात कोणाले लेकरू होतं? घंटा वाजवली का पोरी येत, जेवत. मले वाटे, भूक घंटेनं लागते. तुह्या भुकेचा टाईम मले कोण सांगन?"

"मले विचाराचं होतं."

"हौ," त्या म्हणाल्या. "विचाराचं होतं."

मग हळूच पेटीवर हात ठेवला. "ते दुकान बंद झालं तं मी हे काहून आणलं? मले का ह्या वयात आईसक्रीम खाची होती? म्हटलं, असं कायतरी पायजे, का जेवण थांबन. बाळंतिणीले जेवणासाठी थांबा नाही लागन. पण हे घरी येऊन, मले जमेपर्यंत, तुह्यं लेकरू चालाले लागलं. तुह्ये दोन्ही हात मोकळे झालते."

खरं म्हणजे हे ऐकून माझं मन भरून यायला हवं होतं. कथा-कीर्तनात येतं तसं. इतकी वर्षं मी ज्यासाठी हपापले होते, ते हेच होतं ना, की या बाईने माझ्याकडे बघितलं असावं? तर बघितलं होतं. एवढी मोठी पेटी माझ्यापायी घरात आली होती. त्या सुरळ्या, ते मुठे, ते पेल्यातलं वरण, सगळं माझ्यावरून काढलेलं होतं. पण मन भरलं नाही. मी जास्तच जळले. उपाशी मी राहिले, शिकल्या बाई, आणि जेवणार पायल! मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"मले पायजे होतं हे," मी म्हटलं. "पायलले नाही. मले."

बाई उठल्या, झाकण उघडलं, एक चपटं पाकीट काढलं, तव्यावर तुपाचं बोट फिरवलं आणि आतल्या सुरळ्या अगदी मंद आचेवर ठेवल्या. चारच्या सुमाराला त्या घरात कधी कोणी जेवलं नव्हतं. सुटून मऊ झाल्या तशा ताटलीत घेऊन माझ्यासमोर धरल्या.

"खाय."

मी चपलांसकट तिथेच पायरीवर बसले. पालकाचा पराठा होता, मीच गुंडाळलेला. पण दोन दिवस बर्फात राहून आणि बाईंच्या हाताने गरम होऊन त्याला चव आली होती. बाई शेजारी उभ्याच होत्या, ताट उचलायची घाई नसलेल्या. मोकळं पाकीट तिथेच पडलं होतं, त्यावर निळ्या शाईने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पायल. ते नाव वाचत वाचत मी सगळ्या सुरळ्या संपवल्या. एक घाससुद्धा ठेवला नाही.

बाईंनी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. "आखीन देऊ?"

माझं पोट गच्च भरलं होतं. मी म्हटलं, "हौ."